लॅगचा वाद आणि मालकीचा प्रश्न

हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलवर क्लाउड स्ट्रीमिंग (गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, पडद्यावर येते ते फक्त त्याचे चित्र) येणार अशी बातमी आली की पुढचा वाद कसा होणार हे आता पाठ झाले आहे. एक बाजू म्हणते की लॅग, म्हणजे चित्र उमटायला होणारा विलंब, हा भूतकाळ झाला, जड चिप आणि गरम होणारी यंत्रे यांचे दिवस संपले, यापुढे हातात फक्त पडदा आणि बटणे पुरेत. दुसरी बाजू म्हणते की बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उमटेपर्यंतचा विलंब कधीच शून्यावर येणार नाही, म्हणून हा खेळ मुळातच फसलेला आहे. सोनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या प्लेस्टेशन पोर्टल या हँडहेल्डवर विकत घेतलेले अनेक गेम थेट सर्व्हरवरून खेळण्याची सोय अधिकृतपणे सुरू केली तेव्हाही हेच झाले: दोन्ही गट मिलिसेकंद मोजत बसले. माझे मत असे आहे की हा वाद चुकीच्या जागी लढवला जात आहे. स्ट्रीमिंग हँडहेल्डवर यावे, जरूर यावे, पण गेमकडे जाणारी दुसरी वाट म्हणून. जो गेम घेणाऱ्याच्या यंत्रावर उतरवताच येत नाही त्याचे एकरकमी दाम घेणे ही विक्री मानू नये, आणि तशी जाहिरातही कुणाला करू देऊ नये.

पोर्टलचेच उदाहरण घेतो, कारण त्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. हे यंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे २०० डॉलरला बाजारात आले तेव्हा ते स्वतः काहीच चालवत नव्हते. आठ इंची पडदा, दोन बाजूंना ड्युअलसेन्स कंट्रोलरचे दोन अर्धे भाग, वाय-फाय, आणि घरातल्या प्लेस्टेशन ५ वर चाललेला गेम पाहण्याची सोय, एवढेच. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सेवेच्या प्रीमियम वर्गातील सदस्यांसाठी सोनीच्या सर्व्हरवरून खेळण्याची चाचणी सुरू झाली, आणि वर्षभराने ती चाचणी राहिली नाही. म्हणजे एकच यंत्र दोन वर्षांत दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा बदल हातातल्या वस्तूत झाला नाही, तो दुसऱ्या टोकाला झाला. चांगला बदल असा आयता मिळतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही. पण ज्या टोकाकडून सोय आली त्याच टोकाकडून ती जाऊही शकते, आणि तेव्हा हातात काय उरते, हा प्रश्न विचारायला हवा होता.

आधी विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. लॅगचा आक्षेप दहा वर्षांपूर्वी होता तेवढा भक्कम आज राहिलेला नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला निव्वळ अंतरापायी लागणारा वेळ दहा मिलिसेकंदांच्या आसपास असतो, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एकेक चित्रच सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असते. चित्र संकुचित करणे, उलगडणे आणि घरातल्या वाय-फायमधली धक्काबुक्की यांचा वेळ त्यावर चढतो हे खरे. फायटिंग गेम खेळणाऱ्याला तो जाणवतो हेही खरे. पण जगातले बहुसंख्य खेळ हे अर्ध्या चित्राच्या फरकावर जय-पराजय ठरणारे नसतात. वळणावळणाने चालणारे, कथाप्रधान, शेती किंवा शहर वसवण्याचे गेम स्ट्रीमिंगवर आज सुखाने खेळता येतात. ‘हे कधीच चालणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी या मुद्द्यावर हट्ट सोडावा. तो हट्टच त्यांचा सर्वात मोठा तोटा आहे, कारण लॅग कमी झाल्याचे दाखवले की त्यांचा सगळा युक्तिवाद कोसळतो आणि त्यामागे दडलेला खरा आक्षेपही त्याच ढिगाऱ्यात गाडला जातो.

दुसरा मान्य करण्याजोगा मुद्दा बॅटरीचा आणि किमतीचा. हँडहेल्डच्या इतिहासात ताकदीपेक्षा टिकाऊपणा नेहमीच वरचढ ठरला आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला तो रंगही नसलेला, हिरवट पडद्याचा. चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून पुष्कळ अधिक चालायचा. पाठोपाठ आलेला सेगाचा गेम गिअर रंगीत होता, उजळ होता, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत खाऊन टाकत होता. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. गेम गिअर त्याच्या दशांशाच्या आसपास राहिला. आज व्हॉल्व्हच्या स्टीम डेकवर जड गेम लावला की बॅटरी दोन तासांत माना टाकते, पंखा कानाशी घरघरतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅली एक्सची किंमत हजार डॉलरला टेकली आहे. अशा वेळी जड काम दूरच्या सर्व्हरने करावे आणि हातातले यंत्र फक्त व्हिडिओ उलगडत राहावे, ही कल्पना हँडहेल्डच्या परंपरेला धरूनच आहे. शंभर-दीडशे गिगाबाइटचा गेम डाउनलोड व्हायची वाट न पाहता दोन मिनिटांत सुरू होतो, हे सुखही खोटे नाही.

भारतातल्या वाचकाला या सुखाचा हिशेब मात्र जरा वेगळा मांडावा लागतो. एनव्हिडिया आपल्या जीफोर्स नाऊ सेवेसाठी ७२० पी चित्राला, सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने, १५ मेगाबिटचे कनेक्शन सुचवते. त्या दराने तासाला पावणेसात गिगाबाइट डेटा जातो, म्हणजे दिवसाला दोन जीबीचा मोबाइल प्लॅन अठरा मिनिटांत संपतो. हँडहेल्डचे सगळे मोल ते घराबाहेर नेण्यात असताना, स्ट्रीमिंगचे हँडहेल्ड घरातल्या राउटरपासून फार दूर जाऊ शकत नाही, हा विनोद डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये उभे राहून जाणाऱ्याला अधिक कळेल. शिवाय सोय कुठे द्यायची आणि कुठे नाही हे कंपनी ठरवते. २०२२ मध्ये सोनीने प्लेस्टेशन प्लसची फेररचना केली तेव्हा स्ट्रीमिंग असलेला प्रीमियम हा वर्ग भारतात आणलाच नाही. इथे त्याऐवजी स्ट्रीमिंग वगळलेला डिलक्स दिला. पोर्टल मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये इथे १८,९९० रुपयांना विकायला आला. त्यानंतर तीन महिन्यांनी जगाला मिळालेली क्लाउडची सोय पुण्यात तेच यंत्र घेतलेल्याला मिळाली नाही.

तरीही हे प्रश्न काळाबरोबर सुटणारे आहेत. डेटा स्वस्त होईल, सर्व्हर जवळ येतील, देशांची यादी वाढेल. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये भारतात क्लाउड गेमिंग सुरू केलेच. जे काळाबरोबर सुटत नाही ते निराळे आहे, आणि ते समजून घ्यायला भविष्यात डोकावायची गरज नाही, कारण हँडहेल्डवरचे स्ट्रीमिंग एकदा येऊन गेलेले आहे. २०१२ मध्ये सोनीने गायकाय ही क्लाउड कंपनी ३८ कोटी डॉलरला घेतली, तिच्या पायावर प्लेस्टेशन नाऊ ही सेवा उभी केली, आणि ती आपल्या व्हिटा या हँडहेल्डवरही दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये सोनीने ती व्हिटावरून काढून घेतली. फक्त प्लेस्टेशन ४ आणि पीसी उरले. व्हिटा बिघडले नव्हते, लॅग वाढला नव्हता, खेळणाऱ्याने काही चूक केली नव्हती. कंपनीच्या दृष्टीने ते चालवण्यात राम राहिला नव्हता, इतकेच. त्याच व्हिटाची कार्डे ज्यांच्याकडे होती त्यांचे गेम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही चालले आणि अजून चालतात. एकाच यंत्रावर दोन पद्धतींची अशी समोरासमोर परीक्षा झालेली असताना आपण अजूनही लॅगवर का बोलत असतो?

अधिक बोलकी तुलना २०२० च्या सुमाराची आहे. गूगलची स्टेडिया ही सेवा १९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली. तिच्यात गेम पूर्ण किमतीला विकत घ्यायचा, पण तो राहायचा फक्त गूगलच्या सर्व्हरवर. जीफोर्स नाऊ फेब्रुवारी २०२० मध्ये चाचणीतून बाहेर आली. तिची रीत अशी की गेम तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घ्यायचा आणि एनव्हिडियाचा संगणक तो तुमच्यासाठी चालवून दाखवणार. दोन्ही सेवांना दणके बसले. जीफोर्स नाऊमधून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि पाठोपाठ बेथेस्डा या गेम कंपन्यांनी आपले गेम काढून घेतले, पुष्कळ आरडाओरडा झाला, पण ज्यांनी ते गेम घेतले होते त्यांच्या खात्यात ते तसेच राहिले, डाउनलोड करून आपल्या संगणकावर खेळता येत राहिले. गेली ती एक सोय. स्टेडिया १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक गेम तिच्याबरोबर गेला. त्यातले बहुतेक इतरत्र उपलब्ध होते. ‘गिल्ट’सारखा एखादा गेम काही महिन्यांनी दुसऱ्या कन्सोलवर आला. पण ‘पिक्सेलजंक रेडर्स’सारखे जे केवळ स्टेडियासाठी बनले होते ते सेवा बंद होताच पैसे देऊनही खेळता येईनासे झाले. तंत्रज्ञान दोन्हीकडे जवळजवळ तेच होते. फरक होता तो गेमची प्रत कुणाकडे आहे या एका गोष्टीचा.

यावर उत्तर दिले जाते की गूगलने सगळे पैसे परत केले, मग नुकसान काय झाले? गूगलने आपल्या दुकानातून घेतलेले कंट्रोलर आणि सगळे गेम यांचे पैसे खरोखरच परत केले, आणि त्याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण असे पैसे परत करण्याची ऐपत जगात किती कंपन्यांची आहे? स्टेडियाच्या आधी या क्षेत्रात उतरलेली ऑनलाइव्ह २०१५ मध्ये बंद पडली तेव्हा तिच्या जुन्या ग्राहकांवर अशी खैरात झाली नव्हती. पैसे परत मिळणे हे त्या कंपनीच्या मर्जीवर आणि तिच्या तिजोरीच्या आकारावर अवलंबून असेल, तर त्याला ग्राहकाचा हक्क म्हणता येत नाही. आणि पैसे परत मिळाल्याने न खेळता येणारा गेम परत येत नाही, हे उरतेच.

सर्वात जास्त ऐकू येणारा आणि वरवर बिनतोड वाटणारा मुद्दा चित्रपट आणि गाण्यांचा आहे. लोकांनी कॅसेट, सीडी, डीव्हीडी सोडून दिल्या, महिन्याचे पैसे भरून सगळे ऐकू-पाहू लागले, आकाश कोसळले नाही. गेमचेच एवढे काय? या तुलनेत एक चूक दडली आहे. गाणे किंवा चित्रपट हे पूर्ण झालेले मुद्रण असते. तीच फाइल चार सेवांवर असते, निर्मात्याकडे असते, दूरदर्शनकडे असते, कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर असते. केवळ स्ट्रीमिंगसाठी बनवलेला गेम हा चालता प्रोग्रॅम असतो, आणि खेळणाऱ्यापर्यंत त्याचा प्रोग्रॅम कधी पोहोचतच नाही, पोहोचतो तो त्याचा व्हिडिओ. चित्रपटाच्या बाबतीत सुद्धा टिकून राहण्याचे कारण प्रती विखुरलेल्या होत्या हेच आहे. १९३१ चा ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज सापडत नाही. फाळक्यांच्या मूकपटांची जी रिळे उरली ती पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन, माळे-फडताळे धुंडाळून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी मिळवली. १९६४ मध्ये ती संस्था उभी राहिली तेव्हा शोधायला काहीतरी होते, कारण रिळे वितरकांकडे, तंबूवाल्यांकडे, निर्मात्यांच्या घरांत पांगलेली होती. उद्याच्या एखाद्या नायरांनी स्ट्रीमिंगवरच्या गेमसाठी कुणाचे फडताळ उघडायचे?

ही केवळ शंका नाही; गेमच्या जगात असे घडून गेले आहे. १९९५ मध्ये निन्टेन्डोने जपानात आपल्या सुपर फॅमिकॉम कन्सोलला सॅटेलाव्ह्यू नावाची जोड दिली. सेंट गिगा ही कंपनी उपग्रहावरून गेमचे प्रक्षेपण करी आणि ते जून २००० पर्यंत चालले. काही गेम प्रेक्षकाच्या मेमरी पॅकवर उतरत. काहींत पात्रांचे संवाद आणि संगीत ठरलेल्या वेळी थेट प्रक्षेपित होई, रेडिओसारखे, आणि गेमची वेळ संपली की तो आवाजही संपे. आज जुन्या बाजारातून मेमरी पॅक मिळवून हौशी लोकांनी त्यातले कितीतरी गेम वाचवले आहेत. आवाज मात्र कुणी योगायोगाने घरच्या व्हिडिओ कॅसेटवर टिपून ठेवला होता तेवढाच उरला. जे प्रेक्षकाकडे उतरले ते वाचले आणि जे फक्त वाहत गेले ते गेले, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. हे गेम कॅसेटवर, कार्ट्रिजवर, डिस्कवर होते, म्हणून ते निदान संग्राहकांकडे तरी आहेत.

इथे एक प्रामाणिक विरोधक म्हणेल की मालकी तर केव्हाच संपली आहे, रडता कशाला? हा मुद्दा मला सर्वात जड वाटतो. डिस्क घातली तरी पहिल्या दिवशी पन्नास जीबीचा पॅच (दुरुस्तीचा डाउनलोड) लागतो. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या काही ‘गेम-की’ कार्डांवर गेम नसतोच, तो डाउनलोड करण्याची फक्त किल्ली असते. यूबीसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही गेम थांबला. हे सगळे खरे आहे. पण एखादा हक्क कुरतडला गेला आहे म्हणून उरलेला सोडून द्यावा, हे कुठले तर्कशास्त्र? निन्टेन्डोच्या ३डीएस या हँडहेल्डचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झाले, तरी त्याची कार्ट्रिजे चालतात, आधी डाउनलोड केलेले गेमही चालतात. दुकान बंद होणे आणि घरातला गेम बंद होणे यांत एवढे अंतर अजून शिल्लक आहे. केवळ स्ट्रीमिंगचा गेम ते अंतर पुसून टाकतो. आणि लोकांना ते अंतर महत्त्वाचे वाटते याचाही पुरावा आहे: ‘द क्रू’च्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या युरोपातल्या नागरिक-याचिकेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या, आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला की परत काढून घेता येणारा परवाना विकताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. उतरवून घेता येणारा गेम त्या कायद्यातून वगळला आहे, ही तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते.

सर्व्हरचा मालक आणि गेमचा मालक एकच झाला की भाडे कोण ठरवणार, हेही विसरू नये. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टला अ‍ॅक्टिव्हिजन घेण्यापासून अडवले ते नेमके क्लाउड गेमिंगच्या कारणावरून, आणि स्ट्रीमिंगचे हक्क १५ वर्षांसाठी यूबीसॉफ्टला दिल्यावरच ऑक्टोबरमध्ये परवानगी दिली. तेव्हा अनेकांनी नियामकाची थट्टा केली की नसलेल्या बाजाराची काळजी कशाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम पास अल्टिमेट या सदस्यत्वाचा मासिक दर २० डॉलरवरून ३० वर गेला. एनव्हिडियाने त्याआधीच महिन्याला १०० तासांची मर्यादा जाहीर केली होती. सर्व्हरला वीज लागते, जागा लागते, त्यामुळे दर वाढणे अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे उतरवलेली प्रत आहे तो दरवाढीला नाही म्हणू शकतो आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणू शकत नाही.

मग करायचे काय? पोर्टलची आजची रीत बरीचशी स्वीकारण्याजोगी आहे, हे मी आवर्जून सांगतो: स्ट्रीम होणारा विकत घेतलेला गेम प्लेस्टेशन ५ वर उतरवताही येतो. त्यासाठी वर आणखी प्रीमियमचे मासिक पैसे द्यावे लागतात ते खटकते, पण मालकीला धक्का लागत नाही. या रीतीला नियम बनवावे. ज्या गेमची एकरकमी किंमत घेतली जाते तो कोणत्यातरी यंत्रावर उतरवता आलाच पाहिजे. जो तसा येणार नाही त्याचे फक्त भाडे घ्यावे, आणि तो बंद करण्याआधी ठरावीक मुदतीची सूचना द्यावी. निन्टेन्डोच्या स्विचवर २०१८ मध्ये जपानात ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ ची क्लाउड आवृत्ती २,००० येनला १८० दिवसांसाठी मिळत होती. मला तो गेम तसा मिळणे आवडत नाही, पण मुदत छापून घेतलेले ते पैसे निदान खोटे नव्हते. आपल्याकडे यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे आणि सबळ कारणाशिवाय एका पक्षाने करार एकतर्फी संपवणे तिच्यात मोडते. असा करार राज्य ग्राहक आयोगापुढे नेता येतो.

राहिले ते मोजके गेम, जे खरोखरच घरच्या यंत्रावर चालण्यासारखे नाहीत. त्यांच्यासाठी जुनी वाट आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, ठरलेल्या ग्रंथालयांकडे पाठवायची असते. मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यातले एक. सर्व्हरवरच्या गेमची चालती प्रतही अशीच एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे जमा व्हावी. कंपन्या म्हणतील की सर्व्हरचा प्रोग्रॅम हे व्यापारी गुपित आहे. असू द्या, प्रत मोहोरबंद ठेवा, आणि सेवा चालू असेपर्यंत कुणी ती उघडू नये अशी अट घाला. सेवा बंद झाल्याच्या दिवसापासून त्या गुपितातून कंपनीला एक पैसाही मिळत नसतो, मग ते कुणापासून लपवायचे आहे याचे उत्तर तिने द्यावे.